पडद्यावरचा अँथनी आणि नगरचा ख्रिस्ती

नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली प्रचंड घंटा एके काळी पोर्तुगिजांच्या चर्चमध्ये वाजत होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि किल्ल्यातल्या व आसपासच्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात ठिकठिकाणी रवाना झाल्या. एक भीमाशंकरला आहे. एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या पाठीमागे आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता कोरलेली आहे. 'स्वदेस' या चित्रपटात (२००४) हा घाट देशभराने पाहिला. घंटा मात्र फारशी कुणी पाहिली नसावी.

या घंटा परत कराव्यात असे कुणा ख्रिस्ती माणसाने कधी म्हटल्याचे ऐकिवात नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही. युद्धात गेलेल्या वस्तू त्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की अडीचशेहून अधिक वर्षे देवळातला भाविक तो नाद आपला मानून ऐकतो आहे आणि त्यात त्याला काही खटकत नाही. महाराष्ट्राने ख्रिस्ती परंपरेतून आलेला नाद, वाद्य, औषध, शाळा, छापखाना या साऱ्याला असेच घरात घेतले. ज्या श्रद्धेतून ही सारी आली, ती श्रद्धा स्वतःच्या तोंडाने बोलू लागली की मात्र सभेत चुळबुळ सुरू होते. लोकप्रिय संस्कृतीत आणि सार्वजनिक जीवनात ख्रिस्ती श्रद्धेचे काय झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. प्रस्तुत वक्ता त्याच श्रद्धेतला आहे, तेव्हा श्रोत्यांनी तटस्थतेची फार अपेक्षा ठेवू नये. तथ्यांची जरूर ठेवावी.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी. बहुसंख्य मराठी माणसांच्या रोजच्या ओळखीत एकही ख्रिस्ती कुटुंब नसते. मग ख्रिस्ती माणूस कसा बोलतो, कसा जगतो, देवाशी कसा वागतो, हे त्याला कुठून कळते? मुख्यतः हिंदी चित्रपटातून.

तिथे त्याला भेटतो तो अँथनी. मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी' १९७७ चा. चर्चच्या दाराशी सापडलेले पोर पाद्रीबाबा वाढवतात, ते मोठे होऊन गावठी दारूचा अड्डा चालवते आणि देवाला आपला भागीदार मानून मिळकतीतला वाटा त्याच्या नावे काढून ठेवते. हे पात्र लोकांनी डोक्यावर घेतले ते अमिताभ बच्चन यांच्यामुळे, हे खरेच. पण देवाशी असलेला तो उघड, भांडखोर, जिव्हाळ्याचा व्यवहारही त्यात होता. वारकऱ्याला हा सूर परका वाटायचे कारण नाही. विठ्ठलाशी भांडणारी माणसे त्याने पिढ्यानपिढ्या ऐकली आहेत. गंमत अशी की कथेत तिघेही भाऊ जन्माने हिंदू. अँथनीचे ख्रिस्ती असणे हा संगोपनाचा अपघात आहे, आणि प्रेक्षकाला ते पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलेले असते. परका वाटणारा नायक मुळात घरचाच, हे आश्वासन तिकिटाबरोबर मिळते.

अँथनीच्या आधी आणि नंतर जे आले ते बहुतेक ठोकळेच. मायकल आणि रॉबर्ट हे खलनायकाचे हस्तक, दारू पिऊन तोल गेलेला म्हातारा, तोकड्या फ्रॉकमधली तरुणी, 'हम क्या बोलता मॅन' छापाचे हिंदी. राज कपूर यांच्या 'बॉबी'तला (१९७३) कोळीवाड्याकडचा ब्रगांझा प्रेमळ खरा, पण साचा तोच. अपवाद आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. 'अनाड़ी'तली (१९५९) मिसेस डिसा ललिता पवार यांनी केली. कडक, तोंडाळ, मायाळू घरमालकीण. तिच्या देव्हाऱ्यापुढची मेणबत्ती सजावटीची वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या या मराठी नटीला त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. बासू चटर्जींच्या 'बातों बातों में'ने (१९७९) वांद्र्याच्या ख्रिस्ती घराला लोकलची वेळ, लग्नाची चिंता आणि आईची कटकट दिली. सईद मिर्झांच्या 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है'मध्ये (१९८०) तर अल्बर्टचा बाप चक्क गिरणी कामगार आहे. संप, मालकाचे गुंड आणि त्या साऱ्यात रविवारची मिस्सा. मुंबईतल्या ख्रिस्ती कामगाराला पडद्यावर त्याची जागा मिळाली ती बहुधा तेव्हाच.

पण हे सगळे ख्रिस्ती एकाच बाजूचे आहेत हे ध्यानात घ्यावे: वांद्रे, माहीम, गोवा. मराठी बोलणारा, नगर, जालना, मिरज किंवा सोलापूरकडचा, पेटी-तबल्यावर भजन म्हणणारा ख्रिस्ती हिंदी पडद्यावर दिसत नाही. मराठी पडद्यानेही त्याला फारसे जवळ केलेले नाही. या माणसाकडे पुढे यायचे आहे.

त्याआधी अँथनी या नावाची थोडी हकिगत. 'अमर अकबर अँथनी'ला संगीत देणाऱ्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलाल शर्मांना व्हायोलिन शिकवणारे गुरू होते अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. चित्रपटातल्या नायकाला हे आडनाव मिळाले ते गुरूच्या आठवणीसाठी, असे सांगितले जाते. खरे गोन्साल्विस पडद्यावरच्या माणसासारखे अजिबात नव्हते. अबोल, शिस्तीचे, भारतीय रागांना सिंफनीच्या वाद्यवृंदात कसे बसवता येईल या विचाराने झपाटलेले. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून तसा प्रयोगही केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६० च्या दशकात ते अमेरिकेला गेले, परतल्यावर माजोर्ड्याला राहिले, आणि २०१२ मध्ये वारले तेव्हा चित्रपटातल्या ज्या गाण्याने त्यांचे नाव घरोघर गेले ते गाणे म्हणणाऱ्या कित्येकांना असा माणूस खरोखर होता हेच ठाऊक नव्हते.

गोन्साल्विस एकटे नव्हते. शंकर-जयकिशन यांच्यामागे सेबॅस्टियन डिसूझा, सी. रामचंद्र यांच्यामागे चिक चॉकलेट, शिवाय फ्रँक फर्नांड आणि शेकडो वादक. 'अलबेला'त (१९५१) तर चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. संगीतकार चाल बांधत. ती पन्नास-साठ वाद्यांना वाटून देण्यासाठी स्वरलिपी लिहिणारा लागे, आणि कागदावरचे पाहून पहिल्या फटक्यात वाजवणारे वादक लागत. हे दोन्ही गुण गोव्यातून येत. का, याचे उत्तर चर्चच्या आवारात आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असत. तिथला मेस्त पोरांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. हेतू अगदी साधा: रविवारची मिस्सा, सणाची मिरवणूक आणि अंत्यविधी यांसाठी गाणारे-वाजवणारे हवेत. गावच्या देवकार्यासाठी तयार झालेली ही बोटे पोटासाठी मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या खोल्यांत, राहिली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून स्टुडिओत पोहोचली. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात जो भरीव वाद्यमेळ ऐकू येतो, त्याच्या मुळाशी गावच्या चर्चमधला हा वर्ग आहे. श्रेयनामावलीत मात्र अरेंजरचे नाव क्वचितच आले.

याच स्थलांतरातून आणखी एक लोककला मुंबईत जन्मली. कोकणी तियात्राचा पहिला मानला जाणारा प्रयोग, 'इटालियन भुर्गो', १७ एप्रिल १८९२ रोजी झाला, आणि तो दिवस ईस्टरचा होता. चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपल्यावर करमणुकीची मोकळीक मिळे, म्हणून मुहूर्त तो. तियात्रात पुढे राजकारण्यांची आणि पाद्रींचीही यथेच्छ टर उडवली गेली. गोव्यातल्या कुठल्याही मंत्र्याला विचारावे, वर्तमानपत्रापेक्षा तो कशाला जास्त बिचकतो ते.

लोकप्रिय श्रद्धेचे दुसरे मोठे दालन म्हणजे वांद्र्याच्या डोंगरावरची मोतमाउली. आजची इमारत १९०४ ची. दरवर्षी ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते आणि रस्त्यावर मेणाच्या वस्तूंची दुकाने लागतात: मेणाचा पाय, मेणाचा हात, मेणाचे बाळ, मेणाचे घर, आता विमान आणि पासपोर्टही. ज्याचे जे दुखते किंवा जे हवे, ते मेणात आणून वाहायचे. रांगेत मंगळसूत्र, कुंकू, बुरखा, कोळणीचे लुगडे सगळे असते. दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकलमधल्या नोव्हेनालाही हेच दृश्य. काही धर्मगुरूंना हे नवसाचे प्रकरण अवघडल्यासारखे करते. ईशज्ञानाच्या पुस्तकात ते नीट बसत नाही. तरी लोकांनी चर्चला दिलेली ही जागा नाकारणे शहाणपणाचे नाही. दुखण्याला धर्माचा दाखला लागत नाही, हे वांद्र्याच्या जत्रेत जेवढे स्वच्छ दिसते तेवढे सर्वधर्मपरिषदेच्या व्यासपीठावर दिसत नाही.

मुंबईच्या जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी जे क्रूस दिसतात, त्यांतले कितीतरी १८९६ च्या प्लेगमधले. साथ आली, माणसे पटापट मेली, चर्चमध्ये जमणे अवघड झाले, तेव्हा लोकांनी आळीतच क्रूस उभारून संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. आज त्यांच्याभोवती टॉवर उठले आहेत, आणि रस्तारुंदीच्या यादीत अधूनमधून त्यांचे नाव लागते. त्या यादीवर लिहिणाऱ्या कारकुनाला प्लेग आठवत नसतो, त्याचा दोष नाही. ज्यांना आठवायला हवा तेही पुष्कळसे मालाड-वसईच्या पलीकडे राहायला गेले आहेत.

आता त्या न दिसलेल्या ख्रिस्ती माणसाकडे.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आले. १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुष्काळांच्या आगेमागे, नगर आणि आसपासच्या खेड्यांतली महार आणि मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यांच्यापुढे पोर्तुगीज संस्कृतीचा नमुनाही नव्हता. त्यांची उपासना मराठीत, पाळक मराठी, गाणी मराठी. सुरुवातीची बरीच गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली होती आणि ती तोंडात बसत नसत. ते कोडे सोडवले नारायण वामन टिळकांनी.

टिळक १८६१ चे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे चित्पावन ब्राह्मण, नावाजलेले कवी. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकाराम वाचतच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत, आणि हे सांगताना त्यांना तुकाराम मागे टाकायचा नव्हता. त्यांनी अभंग लिहिले, भजने रचली, येशूच्या चरित्रावर कीर्तने केली. उभा कीर्तनकार, झांजा, पेटी, पूर्वरंग, उत्तररंग. फक्त आख्यान बेथलेहेमचे. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून त्यांची पदे आजही मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये दर रविवारी म्हटली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, आणि बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोघेही ज्यात येऊ शकतील तो 'देवाचा दरबार' काढला. मिशनऱ्यांना हे पेलले नाही. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक गेले आणि दरबार विरला. ते आणखी दहा वर्षे जगते तर मराठी ख्रिस्ती धर्माचे रूप वेगळे दिसले असते, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे. ते सिद्ध करता येणार नाही.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगण्यासारखे काही नाही. 'स्मृतिचित्रे' शाळेत वाचली जातात, विजया मेहतांनी त्यांवर चित्रपट केला, सुहास जोशींची लक्ष्मीबाई पुष्कळांना आठवते. एक गोष्ट मात्र वाचताना निसटते. हे पुस्तक मराठी समाजाने 'संसाराची विनोदी कहाणी' म्हणून जपले. शाळेच्या उताऱ्यांत विसराळू नवरा असतो, सोवळ्याने पिडणारा बाप असतो. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, सोवळे-ओवळे एकेक करून सोडत ही बाई बाप्तिस्म्यापर्यंत आली, आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचे अपुरे 'ख्रिस्तायन' तिने पुरे केले, हा भाग उताऱ्यात बसत नाही. विनोद घरात आला, श्रद्धा ओसरीवर थांबली.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हे अधिक टोकाला गेले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देणारी, संस्कृतची पंडिता, पुण्याची लाडकी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढले तेव्हा रानडे, भांडारकर सल्लागार होते. पुढे तिथल्या मुली प्रार्थनेला बसू लागल्या, काहींनी धर्म बदलायची इच्छा दाखवली आणि १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. आजच्या ख्रिस्ती माणसाने इथे घाईने रमाबाईंचीच बाजू घेऊ नये. निराधार मुलगी ज्या छपराखाली जेवते, त्या छपराखालची प्रार्थना कितपत मोकळेपणाने स्वीकारते, हा सल्लागारांचा प्रश्न खोटा नव्हता. पण सनातनी घरात केशवपन करून कोपऱ्यात बसवलेली मुलगी तिथला धर्म कितपत मोकळेपणाने पाळत होती, हा प्रश्न त्याच आवाजात कुणी विचारला नाही.

या बाई इंग्रजांच्याही हातात मावल्या नाहीत. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांशी त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत हवीत, असा त्यांचा हट्ट होता. ख्रिस्त हवा, पण चर्चच्या अधिकाऱ्यांनी घालून दिलेले मत मुकाट्याने मानणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट कळवले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खे बायबल साध्या मराठीत उतरवले. छापखाना तिथलाच, खिळे जुळवणाऱ्या बायका तिथल्याच. १९२२ मध्ये शेवटची मुद्रिते तपासून त्या गेल्या. एकटीने मूळ भाषांतून संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी स्त्री जगातही विरळा. आणि महाराष्ट्रात त्यांचे नाव निघते ते 'समाजसुधारक' म्हणून. त्यांनी हे काम ज्याच्यासाठी केले त्याचे नाव घ्यायचे कसोशीने टाळून, अशा कितीतरी जयंत्या साजऱ्या होतात.

इथवर तक्रारीचा सूर लागला असेल तर दुसरी बाजूही याच श्वासात यायला हवी. मराठी माणूस ख्रिस्ती श्रद्धेपुढे साशंक होतो त्याला इतिहास आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला, तिथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' राशोलच्या छापखान्यात रोमन लिपीत छापले गेले. त्यातली मराठीची स्तुती पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच साष्टीत १५६७ मध्ये पोर्तुगिजांनी देवळे पाडली होती, हे ठाऊक असणारे कमी. ज्या लोकांची पुराणे हिरावली गेली त्यांच्यासाठी हे नवे पुराण लिहिले गेले. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारले; नंतर पोर्तुगिजांनी बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. चर्चने आपल्या हुतात्म्यांना धन्य घोषित केले. त्या गावप्रमुखांचे स्मारक उभे राहायला चार शतके लागली. १६८४ मध्ये तर स्थानिक भाषाच सोडण्याचा हुकूम निघाला. 'क्रिस्तपुराण' अभिमानाने मिरवणाऱ्या ख्रिस्ती व्यासपीठांवर ही पाने क्वचित उलगडली जातात. ती आपणच उलगडली नाहीत तर दुसरे कुणीतरी, दुसऱ्या हेतूने, उलगडणारच.

मराठी ख्रिस्ती माणसाची ही अदृश्यता २०१९ मध्ये एकदम ऐरणीवर आली. सप्टेंबरमध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची आणि ख्रिस्ती अध्यक्ष हा पहिलाच. लगेच प्रश्न आले: धर्मप्रसारकाला हे पद कसे? धमकीचे फोन साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांपर्यंत पोहोचले. दिब्रिटो वसईतल्या नंदाखालचे, १९४२ चे. 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे दोन दशकांहून अधिक काळ संपादक. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार. ज्यांना प्रश्न पडला त्यांनी यातले काही वाचलेले नव्हते, हा त्यांचा दोष अर्धाच धरावा. पडद्यावर ज्यांनी जन्मभर फक्त अँथनी पाहिला, त्यांना संत साहित्य मुखोद्गत असलेला, वाडवळी-सामवेदीच्या शेजारात वाढलेला फादर चमत्कारिक वाटणारच.

वसईकरांना मात्र नवल वाटले नाही. त्यांनी या माणसाला १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रस्त्यावर पाहिले होते. मुंबईला पाणी आणि इमारतींना जागा पुरवण्यासाठी वसईच्या विहिरी उपसल्या जात होत्या, केळीच्या बागा बिल्डरांच्या नकाशात जात होत्या, आणि त्यामागे दहशतीचे राजकारण होते. हरित वसई संरक्षण समितीच्या सभांना ख्रिस्ती बागायतदार, वाडवळ, आगरी सगळे येत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली होती. त्यामुळे वेदीवरून आलेला शब्द चर्चबाहेरच्या शेजाऱ्यालाही कळत होता. श्रद्धेने सार्वजनिक जीवनात काय करावे याचे उत्तर तेव्हा टँकर अडवण्याच्या रूपात आले. चर्चमधल्याच काहींना ते पसंत नव्हते. धर्मगुरूने प्रवचन करावे, पाण्याच्या भानगडीत पडू नये, हे वाक्य ख्रिस्ती तोंडातूनही निघालेले आहे.

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, संमेलन पार पडले. कवी ना. धों. महानोरांनी उद्घाटन करू नये असे पत्र त्यांना गेले होते, त्यांनी केले. आजारी दिब्रिटो पाठीच्या दुखण्यासकट व्यासपीठावर आले, गोरोबाकाकांच्या भूमीला वंदन केले आणि लेखकाने गप्प बसू नये असे ठणकावून गेले. २०२४ च्या जुलैत ते वारले.

गप्प न बसण्याची किंमत दुसऱ्या एका फादरांनी महाराष्ट्रातच मोजली. झारखंडमध्ये आदिवासींमध्ये काम करणारे जेझुइट स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. वय ८३, कंपवाताचा आजार, तळोजा तुरुंग. पेला धरता येत नाही म्हणून नळी आणि झाकणाचा पेला मिळावा, यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामीनअर्जाची सुनावणी चालू असताना, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. खटला उभा राहिलाच नव्हता. त्यानंतर एका न्यायमूर्तींनी त्यांच्या कामाविषयी आदर व्यक्त केला, तपास यंत्रणेने हरकत घेतली, आणि ते शब्दही मागे घेतले गेले. आरोप सिद्ध झाले असते की नाही, हे आता कधीच ठरणार नाही. ज्या वांद्र्यात नवसाच्या रांगेला सगळे शहर लोटते, तिथल्या त्यांच्या अंत्यसंस्काराची मिस्सा कोविडच्या निर्बंधांमुळे बहुतेकांनी पडद्यावर पाहिली.

वसईच्या आणि वांद्र्याच्या ख्रिस्ती माणसाला निदान आवाज आहे. नगर-जालन्याच्या ख्रिस्ती माणसाची अडचण वेगळी आणि ती कागदावरची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. एकाच आजोबांची नातवंडे, एक घर बौद्ध आणि एक ख्रिस्ती. पहिल्याला दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही. कारण असे दिले जाते की ख्रिस्ती धर्मात जात नाही. धर्मशास्त्रात नाही हे खरे. चर्चमधल्या लग्नांच्या याद्या चाळल्या तर ती कुठे कुठे आहे ते कळते, आणि देशाच्या काही भागांत तर दफनभूमीतही भिंत घातलेली आढळते. दर्जा मागायला दिल्लीला जाणाऱ्या शिष्टमंडळांत बिशप असतात. आपल्या धर्मप्रांतातली भिंत पाडायला त्यांना कुणा आयोगाची गरज नव्हती.

या आदेशाला आव्हान देणाऱ्या याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मधल्या काळात खेड्यातल्या कुटुंबांनी आपापली वाट काढली आहे. शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर, निवडणुकीच्या अर्जावर जुनी जात आणि हिंदू धर्म. रविवारी 'उपासना संगीत' आणि टिळकांचे अभंग. जनगणनेचा माणूस दारात आला की घरातली वडीलधारी बाई क्षणभर विचार करून उत्तर देते. १० लाख ८० हजार या आकड्यात ती आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. आयोगापुढे तिने निवेदन द्यायचे ठरवले तर पहिल्याच ओळीत नाव आणि धर्म लिहावा लागेल, आणि मुलाची नोकरी ज्या दाखल्यावर लागली तो दाखला वेगळेच काही सांगत असेल.